उद्याबाई

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, परीक्षा विभाग आणि जिना यांच्या मध्ये, एका खिडकीची लहानशी खोली होती. दारावर 'विद्यार्थी सल्लागार' अशी पाटी होती, पण तो शब्द कुणाच्या तोंडी नसे. मुलं एकमेकांना सांगत, "उद्याबाईंकडे जा." बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

ते पडलं बाईंच्या एका नेमामुळे. कुणी नाव कमी करण्याचा अर्ज आणला की बाई तो वाचत, घडी घालून परत देत आणि म्हणत, "उद्या ये. उद्या लगेच सही करते." त्याच दिवशी सही त्यांनी सव्वीस वर्षांत कधी केली नव्हती. दहातली सहा मुलं दुसऱ्या दिवशी फिरकतच नसत. मग बाई लाकडी पेटीतून त्या मुलाचं कार्ड काढत आणि हिरव्या पेन्सिलीने एकच शब्द लिहीत. राहिला. किंवा राहिली.

"बाई, तुमचा उद्या उजाडतो तरी कधी?" परीक्षा विभागाचा हेडक्लार्क दारातून डोकावून विचारी.

"तो उजाडू नये म्हणूनच तर सांगते हो," बाई म्हणत.

या नेमाला कारण होतं. एकोणिसाव्या वर्षी वडिलांशी कडाक्याचं भांडण करून त्या स्वतः असाच अर्ज घेऊन गेल्या होत्या. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता शिक्का मारला. मिनिटभराचं काम. दुसऱ्या दिवशी राग उतरला, धावत गेल्या, तर जागा भरलेली. पुढे दिवसा टायपिंग आणि संध्याकाळी वर्ग असं करत पदवी मिळायला सहा वर्षं लागली. शिक्क्याचा तो आवाज त्यांच्या कानातून गेला नाही.

ती मुलगी आली तो मंगळवार होता, दुपारचे पावणेचार. दुसऱ्या वर्षाची, लांब वेणीची. समोरच्या खुर्चीवर फायलींचा गठ्ठा होता, म्हणून ती पाठीवरची बॅग न उतरवता उभीच राहिली. अर्ज घेण्याची मुदत बुधवारी पाचला संपत होती. मुदतीत अर्ज आला तर ते वर्ष मार्कशीटवर कोरं राही. नाही आला तर प्रत्येक विषयापुढे 'गैरहजर, नापास' असं छापून येई.

"उद्या ये," बाई म्हणाल्या.

"बाई, उद्या जमेलसं वाटत नाही. आजच केलीत तर..."

"न जमायला काय झालं? पाचपर्यंत मी इथेच आहे. एक झोप काढ, मग बघ डोकं कसं जागेवर येतं."

"तसं नाही हो. माझी आई..."

"सगळ्यांच्या आया मला ठाऊक आहेत. आज ओरडतात, उद्या डोक्यावरून हात फिरवतात." बाई हसल्या आणि घडी घातलेला अर्ज तिच्या हातात ठेवला.

मुलगी क्षणभर अर्जाकडे पाहत राहिली, मग "बरं" म्हणून गेली.

बुधवारी बाई सव्वापाचपर्यंत थांबल्या. कुणी आलं नाही. त्यांनी कार्ड काढलं आणि हिरवा शब्द लिहिला. घरी थोरली बहीण वर्तमानपत्र वाचत बसली होती.

"ताई, आज आणखी एक वाचली गं."

"वाचली, हे ती म्हणाली की तू?" ताईने पान न उलटता विचारलं. ताईचा तो स्वभावच होता. बाईंनी मनावर घेतलं नाही.

दोन वर्षांनी, पुन्हा एका दुपारी, एक किडकिडीत मुलगी दारात उभी राहिली. वेणी नव्हती, केस मानेपर्यंत कापलेले.

"ओळखलंत का बाई?"

बाईंनी ओळखलं नाही. तिने मार्कशीट टेबलावर ठेवली. पाच विषय, पाचही ओळींत तेच दोन शब्द.

"नर्सिंगला अर्ज केला होता. ते म्हणतात, असली मार्कशीट चालत नाही. मी मुदतीच्या आत अर्ज घेऊन आले होते, एवढं लिहून द्याल? सोमवारपर्यंत द्यायचंय."

"मग दुसऱ्या दिवशी का नाही आलीस?"

"आईचं अर्धं अंग गेलं होतं. घरी दुसरं कुणी नाही. त्याच संध्याकाळी साडेपाचची गाडी होती माझी."

"आता कशी आहे आई?"

"दीड वर्ष काढलं तिने. तिला उठवता-बसवताच शिकले म्हणायचं मी निम्मं नर्सिंग." ती हसली. बाईंना हसता आलं नाही.

शुक्रवारी बाई कार्ड घेऊन रजिस्ट्रारपुढे बसल्या. मंगळवारची तारीख, पुढे 'अर्ज आणला', सगळं स्वच्छ अक्षरात होतं. मुलगी खरं बोलत होती याचा तेवढाच पुरावा.

रजिस्ट्रारांनी कार्ड उजेडात धरलं. "आणि हे खाली, बुधवारचं? राहिली. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"म्हणजे तिने विचार बदलला, असं तुम्हीच नोंदवलंय."

"तो माझा अंदाज होता. चूक माझी आहे. तसं लिहून देते, हवं तर माझ्यावर कारवाई करा."

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुमच्या अंदाजावर लिहिलेलं तुमच्याच सांगण्यावरून खोडायचं, तर या कागदांना अर्थ काय राहिला?"

करायला गेल्या काय आणि झालं काय! बाईंनी कार्ड उचललं.

मुलगी जिन्याजवळच्या बाकावर थांबली होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं; स्वतःचा शब्दच आडवा आला, हेही सांगितलं.

"रागावले नाही मी, बाई. एकच विचारते. त्या दिवसानंतर मी एकाही तासाला नव्हते. तुम्हाला कळलं कसं नाही?"

हजेरीपट भिंतीपलीकडच्या कपाटात असत. बघायला दोन मिनिटं लागली असती.

"असू दे," मुलगी म्हणाली. मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवून ती जिना उतरू लागली. तिची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी बाई कठड्याला धरून उभ्या होत्या.

मग त्यांनी जुने हजेरीपट मागितले.

"कशाला मढी उकरताय बाई?" हेडक्लार्क म्हणाला. त्यांचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने किल्ली देऊन गेला.

नऊ दुपारी गेल्या. हिरव्या शब्दाची कार्डं एकशे चौदा निघाली. एकाहत्तर मुलं खरोखर वर्गात परतली होती. त्रेचाळीस जणांपुढे त्या तारखेनंतर एकही खूण नव्हती. बाईंनी रबर घेतलं, पण हिरवं जाईना, नुसता कागद फाटू लागला. तेव्हा प्रत्येक शब्दाखाली त्यांनी शाईने लिहिलं: 'माहीत नाही.'

एका कार्डावर मात्र 'गेली' असं लिहिलं, आणि त्याखाली आईचं दुखणं आणि साडेपाचची गाडी.

पुढच्या महिन्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा अर्ज घेऊन आला. बाईंची बोटं सवयीने घडी घालू लागली आणि थांबली. त्यांनी उठून समोरच्या खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवल्या.

"बस. का जातोयस, ते सांग."

"सगळे म्हणाले, तुम्ही फक्त 'उद्या ये' म्हणता," तो गोंधळून म्हणाला.

"म्हणत होते."

त्याने खुर्ची ओढून घेतली. ती मुलगी या खोलीत दोन्ही वेळा उभीच होती, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं.