सस्पेक्ट माल

सस्पेक्ट हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो माहेरी, पिशोरला, एका पोलिसाच्या तोंडून. आमच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती. दर साली आमच्या वावरात मेंढरं बसवणारी माणसं तेव्हा माळावर उतरली होती. पोलीस म्हणाला, हे सस्पेक्ट. पुढं मोटर सापडली ती भलत्याकडंच. मेंढरं मात्र आमच्या वावरात परत बसली नाहीत.

लग्न होऊन बजाजनगरला आले, तर तोच शब्द घरात रोजचा. आमचे हे वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर. चांगला पार्ट हिरव्या क्रेटमध्ये, बाद झालेला लाल क्रेटमध्ये, आणि ज्याची खात्री नाही तो पिवळ्यात. तो सस्पेक्ट. चांगल्या मालात मिसळायचा नाय, निकाल लागेस्तोवर हात लावायचा नाय. हे इतक्या वेळा ऐकलं की मी म्हणायचे, आता बाजारात वांगी निवडतानापण पिवळा क्रेट घेऊन जाते.

मग यांना खोकला लागला. संध्याकाळ झाली की अंग कोमट. छावणीतल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघितला. म्हणाल्या, "डाग दिसतोय. टीबी सस्पेक्ट आहे. असेलच असं नाही, थुंकीचा रिपोर्ट येऊ द्या. तोवर तोंडाला रुमाल बांधा, खिडक्या उघड्या ठेवा."

यांनी ते कारखान्याच्या कानानं ऐकलं. घरी आल्या आल्या खाट गॅलरीत. ताट वेगळं, तांब्या वेगळा. कामावर रजा टाकली आणि दिवसभर बाहेर बसून राहिले.

"बाई खिडकी उघडा म्हणल्या, खिडकीबाहेर जा नाय म्हणल्या," मी म्हणाले.

"सस्पेक्ट माल चांगल्यात ठेवत नसतात."

"आन् आम्ही मायलेकी माल हाय व्हय?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं पुटपुटत मी भांडी आपटायचे. लसूण सोलायला घ्यायचे, तसाच टाकून गॅलरीत डोकवायचे. दूध उतू जायचं. रात्री कूस बदलून बदलून अंग दुखायचं. टीबीला औषध असतं हे मला ठाऊक होतं, त्याची तितकी भीती नव्हती. लेक नुकती चालायला लागलेली. हा माणूस तिच्यापासून असाच लांब राहायला शिकला तर, याचीच मला लई धास्ती होती.

लेक सारखी गॅलरीकडं धावायची. तर यांनी तिला खेळ शिकवला. दारातच थांबायचं, तोंडावर हात ठेवायचा. मग हे खाटेवरून भॉक करायचे. ती खिदळायची, परत हात ठेवायची. रुमालाआडून हेपण हसायचे. मला तिथं उभं राहवायचं नाही. मी आत जाऊन उगाच ओटा पुसायचे.

रिपोर्ट यायला लई दिवस लागले. आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी परत सगळं तपासलं. टीबी नव्हता. मागं कधीतरी न्यूमोनिया झाला होता, त्याचा डाग. खोकल्याच्या गोळ्या दिल्या आणि खुशाल कामावर जा म्हणाल्या. रिक्षात हे नुसते डोळे पुसत होते.

घरी आल्यावर यांनी हातपाय धुतले, सदरा बदलला आणि खोलीच्या मधोमध उकिडवे बसले. दोन्ही हात पसरले. "ये गं माझी बाय."

लेक उठली, पळाली. यांच्याकडं नाय, गॅलरीच्या दाराकडं. तिथं तिच्या जागेवर उभी राहिली, एक हात तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं बाहेरची रिकामी खाट दाखवायला लागली.

यांनी माझ्याकडं बघितलं. मग हे उठले, तिच्या अंगाला अंग लागू न देता गॅलरीत गेले, खाटेवर बसले आणि भॉक केलं.