कोंड्यातली कडुलिंबाची पानं

कापडगिरणी बंद पडल्यावर लोकांनी काय काय केलं. कुणी पोह्यांचा ठेला लावला, कुणी टेम्पो घेतला. आमच्या बाबांनी किडे पाळले. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग जरा अंग चोरून बसतो. मलाही तेव्हा लाज वाटायची. आता वाटत नाही. लाज वाटायलाही अंगात जोर लागतो.

इंदूरला तेव्हा नव्या कॉलन्या उठत होत्या. तिथल्या बंगल्यांमध्ये परदेशी पक्ष्यांचे पिंजरे आणि माशांच्या काचपेट्या येत होत्या, आणि त्या पाहुण्यांना जिवंत खाऊ लागायचा. पक्षी विकणाऱ्या एका दुकानदाराने बाबांना डालड्याच्या डब्यात मूठभर पिवळे किडे दिले. म्हणाला, "काकाजी, चोकर में डाल दो, आलू का टुकड़ा रख दो, बस. जितने होंगे, सब ले लूँगा." चोकर म्हणजे गव्हाचा कोंडा. मीलवर्म हे त्यांचं नाव मला फार पुढे कळलं. आमच्या घरी ते नुसते किडे.

बाबांनी हो म्हटलं त्याला कारण होतं. गिरणी होती त्या परदेशीपुऱ्यातून बाबांचा तिथला जुना जोडीदार निरोप घेऊन आला होता, की मशीनं भंगारात जाईपर्यंत गेटवर चौकीदार हवा आहे. बाबा ताटावरून उठलेच. "ज्या मागावर मी हात चालवला, तो उचलून नेणाऱ्यांना मी फाटक उघडून देऊ? सांगून दे त्यांना, माझ्याकडे काम आहे." काम नव्हतं. मग किड्यांचं झालं. ते चाललं तर बाबा घरी राहणार होते, नाहीतर त्या गेटवर. हे आम्हा दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. घरात आम्ही दोघंच. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती.

पहिल्या पाळीचा भोंगा बंद होऊन वर्ष उलटलं होतं, तरी बाबा त्याच वेळेला अंघोळ करून किड्यांपुढे बसायचे. मागच्या खोलीत आईच्या खाटेवर कोंड्याने भरलेली पत्र्याची घमेली, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पांढरे, निपचित कोश बाबा चिमटीने वेचून वेगळे ठेवायचे, कारण किड्यांचेच पुढे झालेले भुंगेरे त्यांना खातात. तुटलेला धागा शोधत आयुष्य गेलेली बोटं ती. एकही कोश चिरडत नसे. दोन घमेल्यांची सात झाली. कोंड्यातून अखंड बारीक सळसळ यायची. मला ती किळसवाणी वाटायची, बाबा मात्र मान कलती करून ऐकायचे. गिरणीतलं खातं चालू असल्याची खूण त्यांना पुरत असावी.

मी सकाळी एका खाजगी शाळेत शिकवायची, दुपारी शिकवण्या, मधे स्वयंपाक. आई गेल्यापासून घरातलं धान्य माझ्याच हातात होतं, म्हणजे खरं तर तिचेच हात मी वापरत होते. पावसाळ्याआधी बाबांनी दोन पोती कोंडा आणून ठेवला. "बेटा, हा चोकर टाकीत भरून दे, ओल नाही लागली पाहिजे." शाळेतून आले होते, पाय दुखत होते. मी आईची धान्याची पत्र्याची टाकी पुसली आणि भरली. थरावर थर. आई गव्हाला करायची तसं प्रत्येक थराला बोरिक पावडर भुरभुरली, त्यावर वाळलेली कडुलिंबाची पानं पसरली, झाकण दाबून बसवलं.

किडे होऊ नयेत म्हणून. किड्यांच्या कोंड्यात. हाताला सवय होती, आणि डोकं तेव्हा कुठे जागेवर होतं!

पंधरा-वीस दिवसांत सळसळ मंदावली. किडे आक्रसले, काळे पडू लागले. बाबांनी बटाट्याच्या चकत्या बदलल्या, घमेली उन्हातून हलवली, वाट्यांतलं पाणी दोनदा बदललं. दुकानदार म्हणाला, "हवा लग गई होगी." बाबा हाताकडे बघत म्हणाले, "माझा हातच असा आहे. जिथे लागतो, ते बंद पडतं." मी पोळ्या लाटत होते. मला खरंच काही सुचलं नाही, इतकी मी थकलेली होते.

महिन्याभरात घमेली रिकामी झाली आणि बाबा दंडा घेऊन गेटवर जायला लागले.

एका रविवारी उरलेला कोंडा फेकायला टाकी आडवी केली, तर तळाशी सुकलेली पानं निघाली. त्यांच्यासोबत थराथरावर भुरभुरलेली पावडरही आठवली. जेवणाचा डबा घेऊन मी तशीच परदेशीपुऱ्यात गेले. फाटकाशी स्टुलावर बसून बाबा जेवू लागले. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, पानांचं. रागावतील, ओरडतील, एकदाचं मोकळं होईल असं वाटत होतं.

"मला पता होतं," ते म्हणाले. "कोंडा घेताना वर आलेली पानं मीच काढत होतो ना. रोज. म्हटलं, चुकून टाकली असेल पोरीने, कशाला बोलायचं."

"आणि पावडर?"

बाबांचा घास हातातच राहिला. पावडरीचं त्यांना माहीतच नव्हतं. धान्याची कामं आईने कधी त्यांच्यापर्यंत येऊच दिली नव्हती, आणि घरात असायला त्यांना पाळीने कधी सोडलं नव्हतं.

"एकदा विचारलं असतंत, बाबा. मला लगेच आठवलं असतं सगळं."

"तू थकून यायचीस," ते म्हणाले. "तुला अजून काय बोलायचं."

मला त्यांचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्या रागाला धरायला काहीच सापडेना. आतून ट्रकचा हॉर्न वाजला. ट्रकवर मागांचे सांगाडे दोरांनी करकचून बांधले होते. बाबांनी घास डब्यात परत ठेवला, पायजम्याला हात पुसला आणि फाटक उघडायला गेले.