सलीमच्या गिटारचं धड

सहा वर्षं झाली. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका — मलाही नीट कळलेलं नाही.

मी उमरखेडचा. लाकडाच्या डेपोत मोजणीचं काम करतो. तेव्हा डेपोत सेंटीमीटर येऊन वर्ष झालं होतं, पण माझा हात इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, यांनाच सरावलेला. माझं माप चुकत नाही, असं गावात म्हणतात. घरी फावल्या वेळात मी लाकडाला पॉलिशही करायचो. त्यातही बोट ठेवायला जागा नसायची — निदान मी तसं समजत होतो.

आमच्या गल्लीत युसूफचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. त्याचा धाकटा भाऊ सलीम. त्याने सागाच्या दोन फळ्या जोडून, तारा गुंडाळून, स्वतःच्या हाताने विजेवर वाजणारी गिटार केली होती. रेडिओला जोडून वाजवायचा. एका पावसाळ्यात पैनगंगा ओलांडताना तो वाहून गेला. सापडला नाही. पंचवीस मैल खालपर्यंत शोधलं. माती द्यायला काहीच हाती आलं नाही — समजतं ना, त्यांच्यात याचा अर्थ काय होतो?

त्याच्या अम्मीला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. ती ती गिटार मांडीवर घेऊन बसायची. रंगाचे पोपडे तिच्या हाताला लागायचे, म्हणून युसूफ ती माझ्याकडे घेऊन आला.

“बाबूजी, वरून काय चमकवायचं ते चमकवा. आतलं लाकूड मातर त्याचंच राहू द्या. अम्मीले तेवढंच पाह्यजे.”

मी हो म्हणालो. सागाच्या गाठीतून अर्ध्या सुताचा पापुद्रा काढून धडावर चिकटवायचा, काताच्या पाण्याने रंगवायचा, वर चपडी लाखेचं पॉलिश — सगळं ठरवलं. वाद्याच्या मधल्या लाकडाला मी तेव्हापासून धडच म्हणतो. कामाआधी कागदावर त्याची रेघ काढून घेतली, बाजूला सगळी मापं लिहिली. मग जुना रंग लवकर सुटावा म्हणून आच दिली. जास्त दिली. सांधा उकलला आणि चीर थेट मानेच्या खाचेपर्यंत गेली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पाच घरं ओलांडून जायचं होतं, फक्त पाच. मी गेलो नाही. माझ्या हातून चूक झाली, हे माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

मी दुसरं धड कापलं. त्या कागदावरून, सूतभरही फरक न ठेवता. सलीमच्या पोटाशी घासून मागे जी झीज झाली होती, तीसुद्धा कानशीने उतरवली. वजन जुळवलं. वरचा पापुद्रा इतका सुंदर उठला की मी स्वतःच बघत राहिलो.

आणि जुनं? ते मी बंबात घातलं. सकाळी, अंघोळीच्या पाण्याखाली. सुकलेलं सागवान गुपचूप जळतं, पण हे बारीक आवाज करत होतं — तार ताणताना होतो तसा. त्याच पाण्याने मी अंघोळ केली.

चार दिवसांनी गिटार पोचवली. अम्मीने ती मांडीवर घेतली. मागची झीज चाचपली. मग बाजूला सारली — फार हळूच, दुसऱ्याचं मूल परत द्यावं तशी. माझं मनगट धरलं आणि माझा तळवा नाकाशी नेला.

“जला दिया,” ती म्हणाली. “मिट्टी देनी थी, बेटा. तूने जला दिया.”

चार दिवस झाले होते. हात किती वेळा साबणाने धुतले होते!

युसूफची बायको ओशाळून हसली. “अम्मी, बाबूजीच्या हाताले लाखेचा वास येते. तुमचं नाक बी गेलं का आता?”

युसूफ हसला नाही. मला दारात घेऊन गेला. “बाबूजी, एक डाव सांगून टाका. हे तेच आहे ना?”

मी काय केलं ते ऐका. मी घरी जाऊन तो कागद आणला. सगळ्यांसमोर गिटार त्यावर ठेवली. लांबी, रुंदी, पापुद्रा सोडून जाडी — एकेक आकडा मोठ्याने वाचला. सगळे जुळले. जुळणारच होते. जन्मात खोटं माप वाचलं नाही मी. त्या दिवशीही नाही. आणि त्याच आकड्यांनी एका आंधळ्या बाईला खोटं पाडलं.

त्यानंतर तिचं कुणी काही ऐकलं नाही. पाणी खारट लागतं म्हणाली तरी, “अम्मीचं डोकं फिरलं.” खाट मागच्या खोलीत गेली. दोन वर्षं ती भिंतीला सांगत राहिली की माझं पोर जाळलं. मी घरामागच्या बोळातून जायचो, आणि तिच्या खिडकीशी माझी पावलं आली की तिचा आवाज थांबायचा. दरवेळी. मी आलोय हे कुणी न सांगता. मी चपला हातात घेऊन गेलो तरी थांबायचा.

मग ती गेली. आता युसूफ कधी कधी दुकानात बसवून चहा देतो आणि म्हणतो, “शेवटी शेवटी अम्मी भ्रमली होती, बाबूजी. तुमाले लई बोलली. मनावर घेऊ नका.”

मी मान हलवतो. परवाही हलवली.

ती भ्रमली नव्हती.