येऊद्या आणि झाकलेल्या मोऱ्या

बोटीवर त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला ‘येऊद्या’ म्हणत. बावीस वर्षं त्याने फेरीबोटीच्या खालच्या डेकवर ट्रक लावले. तोंड ड्रायव्हरकडे, दोन्ही हात वर आणि स्वतः उलटा चालत, “येऊ द्या, येऊ द्या... बास!” ट्रक थांबे तेव्हा बंपर आणि त्याचं पोट यांच्यात वीतभर जागा उरलेली असे. बायको म्हणायची, “घरातही उलटेच चालता. एखाद्या दिवशी चुलीत जाऊन बसाल.”

मग खाडीवर पूल झाला. फेरीला गिऱ्हाईक राहिलं नाही. म्हाताऱ्या बोटीला पांढरा रंग फासला आणि तिची क्रूझ केली. ट्रकांच्या डेकवर जेवणाचा हॉल आला. झुंबरं, खिडक्या, भिंतभर आरसे, पाऊल रुतेल असा निळा गालिचा. या डेकच्या दोन्ही कडांना पाणी बाहेर समुद्रात जायला भोकं होती. खलाशी त्यांना मोऱ्या म्हणत. सुतार त्यांवर फळ्या ठोकू लागले तेव्हा येऊद्याला राहवलं नाही.

“साहेब, मोऱ्या बुजवू नका.”

मॅनेजर हसला. “काका, आता इथे चिखलाचे ट्रक येणार आहेत का?”

हा माणूस हॉटेलातून आलेला. बोट म्हणजे त्याच्या लेखी पाण्यावरचं हॉटेल. त्याने येऊद्याला मागे भांडी घासायला बसवलं आणि बजावलं, “पाहुण्यांच्या नजरेला पडलात तर पुढच्या बंदरात उतरवीन.” सत्तावन्नाव्या वर्षी दुसरी बोट कोण देणार? येऊद्याने अपमान गिळला आणि दोन वर्षं पातेली घासली.

त्या दुपारी हॉलमध्ये दोनशे माणसं जेवत होती. छतातला आग विझवायचा जाडजूड पाइप फुटला. धो धो पाणी कोसळू लागलं. पाहुणे आधी हसले, कुणी ताटं उचलून धरली. मग टेबलांवरचे पेले डावीकडे घसरू लागले आणि हसणं थांबलं. पाणी डावीकडे गेलं की बोट डावीकडे कलायची. बोट कलली की आणखी पाणी तिकडेच जायचं. खाली पाइपची चावी गंजून बसली होती, तिघे तिच्याशी झटत होते.

येऊद्या भांड्यांच्या खोलीच्या दारात उभा राहून हे बघत होता. बोट बुडेल म्हणून तो घाबरला होता आणि मॅनेजरलाही. खिडकीबाहेर समुद्र वर चढत होता. मोरीचं बाहेरचं तोंड एकदा पाण्याखाली गेलं की ती उघडून काही उपयोग नव्हता. त्याने भिंतीवरची कुऱ्हाड काढली आणि तो हॉलमध्ये शिरला.

“तुम्ही बाहेर कसे आलात? गालिच्याला हात लावायचा नाही!” मॅनेजर ओरडला.

“बाजूला व्हा, साहेब.”

डाव्या कडेने, जिन्यापासून अकरा पावलं. ट्रकांची पहिली रांग लागायची तिथेच पहिली मोरी होती. गुडघाभर पाण्यात अकरा पावलं मोजून त्याने घाव घातला. खण्ण! खाली लोखंड. अर्धा हात सरकून दुसरा घाव. पुन्हा लोखंड. मागे एक बाई किंचाळली. बोट आणखी कलली. बावीस वर्षं या डेकवर काढली आणि आता मोरी सापडू नये?

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे तो सरळ चाललाच कधी होता? उलटं पाऊल आखूड पडतं. तो धडपडत जिन्याशी परतला, पाठ फिरवली, कुऱ्हाड कमरेला खोचली आणि दोन्ही हात वर केले. समोर खुर्च्या तरंगत होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

“येऊ द्या... येऊ द्या...”

अकराव्या पावलाला टाचेखाली डेक जरासा खोलगट लागला.

“बास!”

पहिल्याच घावाला फळी तडकली. दुसऱ्या घावाला गालिचा आत ओढला गेला आणि घुर्र करत पाणी खाली धावलं. तिथून नऊ उलटी पावलं टाकून त्याने दुसरी मोरी फोडली. बोट काही क्षण तशीच तिरकी राहिली, मग कण्हत कण्हत सरळ होऊ लागली. येऊद्या एका उलथलेल्या खुर्चीवर बसला आणि मॅनेजरला मनसोक्त शिव्या घातल्या. शिव्या देताना त्याला रडूही येत होतं.

बंदरात लागल्यावर तपासनीस आला. आठही मोऱ्या उघडल्याशिवाय बोट हलणार नाही, असं त्याने सांगितलं. जुना नकाशा कोणापाशी नव्हता. कप्तानाने येऊद्याला बोलावलं आणि मॅनेजरच्या हातात खडू दिला.

येऊद्या जिन्याशी उभा राहिला, हात वर केले आणि उलटा चालू लागला. त्याच्या समोरून, त्याच्या हातांवर नजर ठेवून, मॅनेजर एकेक पाऊल पुढे येत होता.

“येऊ द्या... येऊ द्या... बास!”

मॅनेजर जागच्या जागी थांबला, गुडघ्यांवर बसला आणि निळ्या गालिच्यावर फुली मारली.