पॉलिशवाल्याचं नाक

आमच्या शेजारचा पॉलिशवाला जुनी खुर्ची अशी चकाकवतो, की गिऱ्हाइकाला ती आपलीच आहे हे पटत नाही. माझ्याहून वयानं मोठा आहे, पण पत्त्यांत लबाडी करणाऱ्याला कोण अहोजाहो करणार? चाळीस वर्षं त्यानं राहत्या खोलीतच काम केलं. पलंगाखाली थिनरचे डबे, कपाटात वॉर्निश, आणि उरल्या जागेत संसार. डोकं दुखतं म्हणून बायको कटकट करायची. आता तीही नाही.

त्याला एकच नात. साडेतीन वर्षांची, दम्याची. गेल्या महिन्यात ती पहिल्यांदाच मुक्कामाला येणार म्हटल्यावर गड्याच्या अंगात वारं शिरलं. तिच्यासाठी छोटा पलंग केला, आदल्या दिवशी त्यावर वॉर्निशचे तीन हात मारले. भिंतींना ऑइलपेंट. धूळ नको म्हणून खिडक्या गच्च बंद, डास नकोत म्हणून कॉइल, आणि वर सुवासाचा फवारा. स्वागतात कसर म्हणून ठेवली नाही!

पोर आजोबांच्या गळ्यात पडली, आणि थोड्याच वेळात तिची छाती वाजू लागली. लेकीनं तिला तशीच उचलली.

"बाबा, इथं श्वास घेता येत नाही. तुम्हाला कळत कसं नाही?"

"मला तर कसलाच वास येत नाही गं!"

खोटं नव्हतं ते. थिनर हुंगून हुंगून त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

मग डबे गच्चीवर गेले, पलंग उन्हात, खिडक्या सताड. पण घर स्वच्छ झालं हे त्याला कळणार कसं? रोज सकाळी मला हाक: "लेका, ये, वास घे." मी चहाच्या आशेनं जायचो, कोपरे हुंगायचो. पडद्यांना येतोय म्हटलं, पडदे धुतले. कपाटाला येतोय म्हटलं, कपाटच बाहेर काढलं. शेवटी एकदा मी छातीठोकपणे सांगितलं, "काही नाही!" त्यानं लगेच लेकीला फोन लावून माझ्या हातात दिला.

"काका," ती म्हणाली, "रोज पत्ते खेळताना त्याच खोलीत सिगारेटी कोण फुंकतं? तुमच्या नाकावर मी माझी पोर सोपवू?"

मी फोन त्याच्या हातात परत ठेवला. तेव्हापासून आमचा डाव बाहेर पायरीवर, तोही बिनधुराचा.

काल लेक एकटीच आली. भिंतीला, गादीला, उशीला नाक लावून पाहिलं. तो दारात उभा, श्वास रोखून.

"रविवारी आणते," ती म्हणाली. "पण तासभरच हं, बाबा."

"पुष्कळ झाला की तासभर!"

ती गेल्यावर मला हळूच विचारतो, "तासाभरात पोरं झोपतात का रे?"

"तुझ्या गप्पा ऐकल्या तर पाच मिनिटांत झोपेल," मी म्हटलं.

तो हसला नाही. छोट्या पलंगावरची चादर त्यानं पुन्हा एकदा ताणून बसवली.