सुर्वेकाकांचा बर्फ

वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट दर मजल्यावर थांबत नसे, त्यामुळे थोडेफार जिने सगळ्यांच्याच वाट्याला येत. सुर्वेकाका मात्र तळापासून बाराव्या मजल्यापर्यंत जिन्यानेच चढत. पाठीवर तांदळाची पिशवी भरलेली सॅक, पायांत लोकरीचे मोजे आणि त्यावर जाडजूड बूट. घामाने नुसते निथळत असायचे. शेजारच्या चिनी आंटीला एकदा राहवलं नाही. "अंकल, लिफ्ट स्पॉइल आ?" काकांनी कठडा धरला, श्वास गोळा केला आणि म्हणाले, "नो आंटी. आय गोइंग स्नो माउंटन." आंटीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा बाहेरच्या बारमाही उन्हाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. काका मूळचे रत्नागिरीकडचे, जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. आमची ओळख झाली ती कुणाच्या तरी घरच्या गणपतीत. आरती संपते न संपते तोच त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "गुडघे कसे आहेत तुमचे?" विनय गोंधळून "बरे आहेत" म्हणाला आणि तिथेच आम्ही दोघं अडकलो. प्रसाद खाऊन होईपर्यंत काकांच्या मोहिमेत आमची भरती झालीही होती.

मोहीम होती उत्तर जपानातल्या डोंगरांची. गाइडला सोबत घेऊन पहिले दोन दिवस रुंद जाळीचे स्नोशूज घालून रानातल्या झोपडीपर्यंत चालायचं, मग स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून चढ चढायचा आणि पट्ट्या काढून मोकळ्या उतारावरून खाली यायचं. गाइडला किमान चार माणसं हवी होती. काका, त्यांची पॉलिटेक्निकमधली मुलगी रेवा, विनय आणि मी. काकांच्या पत्नीने, मालतीवहिनींनी, पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं. "मला फ्रिज उघडला तरी हुडहुडी भरते. तुम्ही या जाऊन."

बर्फाचं हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. "हिवाळ्यात त्या बंदरांत कितीदा गेलो असेन! डेकवरची मंडळी उतरायची, फिरायची. आमचं उलटं. समुद्रात इंजिन थांबवता येत नाही, त्यामुळे बंदर आलं की ते उघडून बसायचं. तेलकट हातांनी वर यावं, तर समोर पांढरेशुभ्र डोंगर. दोन झुरके मारायचे आणि पुन्हा खाली." म्हातारपणी एकदा तरी त्या डोंगरावर पाय ठेवायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. एरवी हा माणूस कुणाकडे पाण्याचा पेलासुद्धा मागत नसे.

दर रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत आमची ड्रिल व्हायची. कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडलं गेलेलं माणूस अंगावरच्या रेडिओ यंत्राच्या सिग्नलवरून शोधायचा सराव म्हणून काका वाळूत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ट्रान्झिस्टर पुरत. आम्ही ओणवे होऊन कान लावायचो आणि वाळूखालून तमिळ बातम्या ऐकू यायच्या. विनयला हसू आवरायचं नाही. जहाजावर फायर ड्रिल घ्यावी तसे काका खवळायचे. "ड्रिलमध्ये हसलात तर आगीत रडाल! तिथे खाली ही रेवा असेल, समजलं?" रेवा आइस्क्रीम चाटत म्हणायची, "पपा, व्हाय ऑल्वेज मी डाय वन?" मग मात्र काकाही हसायचे आणि हसताहसता खोकायला लागायचे.

तो खोकला आम्ही ऐकत होतो. बाराव्या मजल्याचा सराव आठव्यावर आला, आठव्याचा पाचव्यावर. सॅकमधला तांदूळही हळूहळू स्वयंपाकघरात परत गेला. आम्ही विचारलं की काका म्हणत, "इंजिन बंद पडलेलं नाही, फक्त स्पीड कमी केलाय." ऐकायला बरं वाटायचं, म्हणून आम्ही ऐकून घ्यायचो.

निघायला तीनेक महिने उरले असताना गाइडचा फोन आला. काकांच्या हॉलमध्ये आम्ही सगळेच जमलो होतो, फोनचा स्पीकर चालू होता. फेब्रुवारीतल्या तारखा ठरल्या, झोपडी ठरली. शेवटी गाइडने सहज विचारलं, सगळ्यांच्या तब्येती ठीक ना? विनय "येस, येस" म्हणून मोकळा झाला. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"वन मिनिट, सर. माय लंग्ज आर नो गुड."

मग इंग्रजीतच, मशीनमधला बिघाड सांगावा तसं, त्यांनी सगळं सांगितलं. जुन्या जहाजांवर वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. ते फोडून पाइप दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ती धूळ छातीत बसली होती, फुप्फुसं कडक होत चालली होती आणि डॉक्टरांकडे त्यावर उपाय नव्हता. आता दोन मजले चढले तरी बसावं लागत होतं. यातलं एक अक्षर आम्हाला ठाऊक नव्हतं. वहिनी आणि रेवा मान खाली घालून बसल्या होत्या. गाइड म्हणाला, "आय ॲम सॉरी, सुर्वे-सान."

फोन ठेवताच वहिनी कडाडल्या. ज्यांना ही मोहीम कधीच नको होती, त्याच वहिनी. "कोणी मागितला होता हिशोब तुमच्याकडे? गप्प बसला असतात तर पोचला असतात तिथे!"

काका शांतपणे म्हणाले, "जहाज बंदरात नेणारा पायलट वर चढला की आपलं काय काय बिघडलंय ते आधी त्याला सांगायचं. वाट त्याला ठाऊक, पण जहाज त्याला ठाऊक नसतं. त्याच्यापासून लपवलं तर सगळेच खडकावर. माझ्यामागून ही तीन पोरं चालणार होती गो." वहिनी आत निघून गेल्या. हा माणूस थोडा तरी लबाड असता तर किती बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. अजूनही वाटतं.

गाइडने नंतर कळवलं, की सुर्वे-सान पायथ्याच्या गावात राहू शकतील, खिडकीतून डोंगर छान दिसतो. काकांनी नकार दिला. "लांबून बघण्यातच जन्म गेला. त्यासाठी आणखी कशाला जायचं?" आमच्यासाठी चौथा माणूस मी शोधतो, असंही म्हणाले. आम्ही माना डोलावल्या, पण पुढच्या रविवारी वाळूवर कोणीच गेलं नाही, आणि बर्फात आम्ही तिघं आजतागायत गेलेलो नाही.

काका फेब्रुवारी उजाडायच्या आतच गेले. त्याच्या जरा आधी मी हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटायला गेले होते. पाठीला उशा लावून बसवलेलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, गळ्याची शीर प्रत्येक श्वासाला ताणली जात होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, "काका, मी गाइडशी बोलले. पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला नेतो म्हणालाय. अगदी सावकाश."

त्यांनी मास्क जरा बाजूला केला. डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं.

"त्याला माझं सगळं खरं सांगितलंस?"

"हो काका. सगळं."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, लहान मुलाची समजूत घालावी तसं.

"मग तो असं म्हणणार नाही गो," ते म्हणाले आणि त्यांनी मास्क पुन्हा तोंडावर ओढून घेतला.