बांधावरची हाक

वेळ अमावस्या, आमच्या लातूरकडचा शेतात पूजा करून जेवायचा सण, म्हटलं की मला आधी दिसते ती शेतातली कडब्याची कोप, म्हणजे खोपटी... आणि आत, नव्या मातीच्या बिंदग्यात घुसळून ठेवलेल्या आंबिलीचा तो आंबूस, लसणाचा वास. पानात शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, पाठीवर मार्गशीर्षातलं कोवळं ऊन — मुरुडजवळच्या आमच्या शिवारातलं ते जेवण आठवलं की आजही तोंडाला पाणी सुटतं.

पण पहिला घास घेण्याआधी आण्णा, म्हणजे माझे वडील, उठून बांधावर जात. पलीकडे त्यांच्या थोरल्या भावाचं, आबांचं शेत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं कधीचं तुटलेलं. या दिवशी वाटेवरच्या परक्यालाही जेवायला बोलवायची आमच्याकडची रीत, मग सख्खा भाऊ कसा वगळायचा? आण्णा तोंडाशी हात धरून हाक मारत, "दादाऽऽ, जेवाया या!" उत्तर कधीच येत नसे. मला लाज वाटे, रागही येई.

"कशाला बोलवता हो दरसाली?" मी एकदा फणकाऱ्यानं विचारलं.

"बोलवायचं काम माझं हाय. यायचं त्यांचं ते बघतील," म्हणत त्यांनी निवांत भज्जी वाढून घेतली.

आईनं घरात भिंतभर थोर माणसांच्या तसबिरी लावल्या होत्या, मी त्यांच्यासारखं व्हावं म्हणून. झाले नाही ते सोडा! आता लातुरात चौकाचौकांत गुणवंतांचे फलक झळकतात आणि माझ्या लेकीला, सईला, त्यांतला कोणता चेहरा दाखवावा या काळजीत मीही असते.

यंदा पक्षाघातानं आण्णांची वाचा गेली. तरी बांधावर जायचा त्यांचा हट्ट. मी धरून नेलं. त्यांनी तोंडाशी हात नेले, ओठ हलले... आवाज फुटेना. तेवढ्यात, दरवर्षी त्यांच्यामागे गुपचूप उभी राहणारी सई बांधावर चढली आणि हुबेहूब त्यांच्या हेलात ओरडली, "आबाऽऽ, जेवाया या!"

सई टाचा उंचावून पलीकडे बघत राहिली. मग पलीकडची तूर सळसळली. काठी टेकत, हातात आंबिलीची चरवी घेऊन आबा आले.

"सकाळधरून कान हिकडंच व्हते माझे," ते आण्णांना म्हणाले. "वाटलं, औंदा हाक येत न्हाई."

आण्णांचे डोळे वाहत होते. कोपीत परतल्यावर ते सतरंजीवर जरा सरकून बसले आणि शेजारची जागा हातानं थापटत राहिले.